शहिदाचे कान

कासूजवळच्या एका गावात शहीद जवानाचा अर्धपुतळा बसवायचा होता. दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन त्याने मागे आणले, तिसऱ्यासाठी पुन्हा गेला आणि परतला नाही. त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. मी तेव्हा पेणहून बातम्या पाठवत असे.

पुतळ्याचे काम गावाने जोह्यातल्या एका गणपती कारखानदाराला दिले. घरात जवानाचा एकच फोटो होता. आई तो भिंतीवरून काढू देईना. म्हणून मी आमच्या अंकातले कात्रण दिले. छापताना एका स्तंभात बसवण्यासाठी तो फोटो दोन्ही बाजूंनी कापला होता, हे मी विसरलो.

अनावरणाच्या सकाळी पुतळा टेम्पोतून आला. तोंडावर रुमाल, गणपती आणतात तसा. बसवण्याआधी तोंड उघडायचे नसते, म्हणून समितीतल्या कोणी रुमालाला हात लावला नाही. हा गणपती नाही, हे कोणाला सुचले नाही. आईला मात्र एकच धास्ती होती: चेहरा आपल्या मुलाचा असेल ना? बघू देत नाहीत म्हटल्यावर तिने रुमालाखाली हात घातला. कपाळ चाचपले, नाक चाचपले. बाजूला गेल्यावर हात थांबला.

"ह्ये कान त्याचे नाय."

रुमाल सोडावा लागला. डोळे, नाक, जिवणी हुबेहूब. टोपीखालून मात्र दोन सुपे बाहेर आली होती. कात्रणात कानच नव्हते, कारखानदार शांतपणे म्हणाला. हाताला सवयीचे होते ते लावले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

पाहुणे येऊन बसले होते. समितीने त्यांना तिसरा चहा पाजला. तोवर आईने स्वतःच भिंतीवरचा फोटो आणून समोर धरला आणि कारखानदार प्लास्टरचे कान घासत राहिला. अजून थोडा, ती सांगत होती. डावा बास, उजवा अजून.

मग अनावरण झाले. पाहुण्यांनी मानपत्र वाचले. मागे फिरण्यासाठी वारंवार हाका मारूनही जवान पुढे गेला, असे त्यात होते. आई माझ्या शेजारी बसली होती.

"जेवायला हाका मारून माजा गला बसायचा," ती हळूच म्हणाली. "मगासचे कान असते, तर एकांदी तरी आयकली असती."

त्या दिवशीच्या बातमीसोबत मी कार्यालयाला चिठ्ठी जोडली: फोटो कापू नये.