डब्यातला फोन आणि परवलीचा शब्द

चहा घ्या आणि मधे बोलू नका. माझी फजिती मी एकदाच सांगणार आहे. उद्या गल्लीत कोणी विचारलं तर असं काही घडलंच नाही म्हणेन.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. पण मशीन कोणतीही असो, उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्तीनंतर हातात मोबाईल आला. तो उघडता येईना, म्हणून त्याच्या सेटिंग उघडत बसलो. जे दिसलं त्याने डोकंच फिरलं. कॅलेंडरला माझे फोटो पाहिजेत. टॉर्चला माझं लोकेशन पाहिजे. अरे, तू उजेड पाड! मी कुठे उभा आहे याच्याशी तुला काय करायचं?

तेव्हापासून घरात शिस्त लागली. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. नंबर फोनमध्ये नाहीत, डोक्यात. घराबाहेर पडलो की फोन बंद करून स्टीलच्या डब्यात, डबा बॅगेत. कोणाला काही ऐकायला नको. बायको म्हणाली, "लोक डब्यात पोळी नेतात, आमचे हे फोन नेऊन राहिले." मी लक्ष दिलं नाही.

मग नवीन भानगड कळली. म्हणे चोर आता आवाजही चोरतात. तुमचं दोन वाक्य बोलणं मिळालं की मशीन हुबेहूब तुमच्या आवाजात घरी फोन करते. "मी संकटात आहे, लवकर अमुक करा." घरचे बिचारे पळत सुटतात.

त्या दिवशी जेवताना मी नियम केला. बायको, मुलगा प्रमोद, नात गौरी, सगळे समोर होते. अनोळखी नंबरवरून घरच्या कोणाचाही आवाज आला तर आधी परवलीचा शब्द विचारायचा. शब्द नाही, तर माणूस चोर. रागावला तरी चोर, रडला तरी चोर.

शब्द म्हणून मी 'संत्रा' सुचवला. गौरी म्हणाली, "आजोबा, नागपूरच्या माणसानं संत्रा ठेवला तर चोर काय, चोराचं पोट्टंही ओळखते." मग तिनेच एक शब्द सांगितला. सगळे हसले. बायकोला तर ठसका लागला. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण शब्द चांगला होता, मी मंजूर केला. ताकीद दिली, कुठे लिहायचा नाही, उगाच बोलायचा नाही. डोक्यात ठेवायचा.

इथपर्यंत माझं काही चुकलं का? नाही ना?

गौरीचं साक्षगंध ठरलं, साखरपुडाच म्हणा ना. होणाऱ्या नातजावयाची अंगठी करायची होती. नागपुरात एका दुकानात गेलो, तर अंगठी दाखवायच्या आधी पोरगी म्हणते, "काका, मोबाईल नंबर सांगा." अंगठी बोटात घालायची आहे की फोनमध्ये? उठलो आणि सरळ नरखेडला गेलो. तिथला सोनार जुना आहे, काही विचारत नाही. अंगठी झाली. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी जाऊन घेतली, फोनच्याच डब्यात ठेवली, डबा बॅगेत, बॅग एसटीच्या सीटखाली. निघालो.

काटोलला बस थांबली. चहा प्यायला उतरलो. कंडक्टरने दोनदा आवाज दिला म्हणतात. मी त्या वेळी चहावाल्या बाईला सांगत होतो की क्यूआर कोड लावलास तर लोकांना तुझं नाव कळतं. वळून पाहिलं तर बस गेलेली.

चौकशीच्या खिडकीवर धावलो. तिथला माणूस भला होता. म्हणाला, नागपूरला कळवतो, तुमचं नाव आणि मोबाईल नंबर सांगा. आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "नंबर कशाला पाहिजे?"

त्याने पेन खाली ठेवला. म्हणाला, मग घरचं माणूस स्टँडवर उभं करा, बस लागली की बॅग उतरवून घेईल.

परत चहावालीकडे आलो, तिचा फोन मागितला. नंबर सगळे पाठ होते, छाती फुगली. बायकोला लावला.

"कमल, मी बोलतो. बॅग बसमध्ये राहिली. अंगठी आहे तिच्यात. प्रमोदले स्टँडवर पाठव."

मग आवाज आला, "शब्द सांग."

सांग! एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. मी शब्द आठवू लागलो. डोक्यात काहीच नव्हतं. प्लांटमधल्या पंपांचे नंबर आठवले, सोनाराच्या बापाचं नाव आठवलं, शब्द नाही.

"अवं शब्द मरू दे! बस निघून गेली!"

"आवाज तं हुबेहूब काढला बावा तुनं," ती म्हणाली. "खेकसतेही तसाच." आणि फोन ठेवला.

प्रमोदला लावला. त्यानेही शब्द मागितला. मी म्हटलं, गाढवा, बाप आहे तुझा. तो शांतपणे म्हणाला, रागावला तरी चोर. आणि पठ्ठ्याने लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं की बाबांच्या आवाजात चोर फोन करतो आहे, हा नंबर ब्लॉक करा. एरवी बिल भरायला सांगितलं तर चार दिवस लावतो.

हे मला कसं कळलं? मोठ्या बहिणीने सांगितलं. ती नागपुरातच जरीपटक्याला राहते, तिलाही फोन लावला. तिच्याशी मी अगदी गोड बोललो, म्हटलं, ताई, तूच एक समजदार आहेस. ती म्हणाली, "इथंच फसला तू. माहा भाऊ जन्मात इतकं गोड नाही बोलला. ग्रुपवर आलं आहे तुहं."

आता चहावाली माझ्याकडे बघू लागली. तिने सगळं ऐकलं होतं.

"काकाजी, माह्या फोनवरून कोनाले फसवून राहिले तुम्ही?"

"माझ्या बायकोला फोन आहे तो."

"बायको ओळखत काहून नाही मंग?"

बाकावरचे दोघं उठून माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. एक म्हणाला, पोलिसाले बोलवा. मी म्हटलं, एकदा, फक्त एकदा लावू दे. बाईने फोन दिला, पण माझी बाही धरून ठेवली.

प्रमोदचा लागला नाही. बहिणीचा लागला नाही. बायकोचा लागला. तिला नंबर ब्लॉक करता येत नाही. ते शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, एवढंच माझं नशीब.

या वेळी मी ओरडलो नाही. मागे गौरीचा आवाज येत होता, आजोबा अजून कसे नाही आले. उद्या पाहुण्यांसमोर पोरगी रिकाम्या हाताने उभी राहील, हे डोळ्यांपुढे आलं.

"कमल, शब्द नाही आठवत. बॅग गेली तर मी गौरीले तोंड कसं दाखवू? फोन डब्यात ठेवला, बॅग टाकून उतरलो, त्या माणसाले नंबर नाही दिला. चुकलो मी."

मला वाटलं, आता फोन ठेवते. पण ती म्हणाली,

"काय म्हटलं?"

"म्हटलं, चुकलो."

मग फोनच्या अगदी जवळून गौरीचा आवाज आला. "आजी, हाच तं शब्द आहे! चोराले आजोबांच्या आवाजात कुठंच सापडणार नाही म्हणून ठेवला होता."

आता कळलं का, सगळे काहून हसले होते?

मी म्हटलं, "मग? पटलं ना आता?"

"शब्द बरोबर आहे," बायको सावकाश म्हणाली. "पण आता आवाजच खोटा वाटून राहिला."

प्रमोद गेला स्टँडवर. बॅग मिळाली, डबा मिळाला, साक्षगंध झालं. चहावालीने चहाचे पैसे घेतले नाहीत, पण बाही सोडताना हसली.

प्रमोद म्हणतो, शब्द बदलावा लागेल बाबा, अर्ध्या काटोलने ऐकला आहे.

मी म्हटलं, राहू दे. माझ्या तोंडून तो परत निघणार नाही.