सायप्रसचा सव्वा महिना

माझे तात्या आणि काकी सव्वा महिना सायप्रस बेटावर राहून आले, असं आमच्या बदलापूर गावात सगळे धरून चालतात. ते खरोखर कुठे होते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांना तिथे लपवलं मीच होतं.

तात्या म्हणजे माझे सख्खे काका. लढाईत ते खेचरांच्या पलटणीत होते आणि सरकारने त्यांना जवळजवळ दोन वर्षं सायप्रसला ठेवलं होतं. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, खेचरं कुठे गेली देव जाणे. पण सायप्रस काही तात्यांच्या तोंडातून जाईना. भाताच्या मळणीत घाम पुसता पुसता म्हणत, "तिकडं ऊन कसं? सोन्यासारखं! घाम म्हणून नाय!" कुणी संत्रं हातात दिलं की, "ह्याला संत्रं म्हणतात? अरे, तिकडं..." आणि पुढे एक लांबलचक उसासा.

हा उसासा काकीला पटत नसे.

"संत्र्यासाठी कोण एवढा उसासा टाकतो?" ती मला म्हणाली. "दामू, मना ते बेट बघायचंय. काय हाय तिथं, का कोण हाय, एकदा माझ्या डोळ्यांनी बघते."

काकीने तोवर पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे तिचं माहेर, चामटोली. तिथे ती पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येत असे. नवऱ्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आपल्याला न दाखवताच कुठेतरी ठेवलेली आहेत, हे तिला वर्षानुवर्षं टोचत होतं. अंबरनाथच्या बाजूचा आमचा माळ एका कारखान्याला गेला आणि तात्यांच्या हातात जन्मात पहिल्यांदा मोकळा पैसा आला. अशा वेळी माणसं विहीर बांधतात, घर शाकारतात. तात्या काकीला म्हणाले, "चल, दाखवतो!"

आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. माझे वडील अंगठा उठवत. मी दारावर पाटी लावली होती आणि त्या पाटीवर माझ्या नावापेक्षा 'बी.ए.' ठसठशीत होतं. अंबरनाथच्या कारखान्यात कारकुनी करत होतो. माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याला विचारणं मला पदवीचा अपमान वाटे. म्हणून मी कुणालाही काहीही न विचारता एका बोट कंपनीला चार पानी इंग्रजी पत्र लिहिलं. त्यांच्याकडून छापील कार्ड आलं: कुठली बोट कुठल्या तारखेला मुंबईहून सुटते.

झालं! वेळापत्रक हाती आलं म्हणजे प्रवास ठरला, ही आम्हा रुळाशेजारी वाढलेल्या लोकांची समजूत. वेळेवर जायचं, खिडकीत पैसे टाकायचे, बसायचं. बोट म्हणजे तरी काय, पाण्यातली गाडी!

तयारी मात्र जोरात झाली. भूमध्य समुद्राकाठी हिवाळ्यात पाऊस पडतो हे कॉलेजात शिकलो होतो, म्हणून उल्हासनगरच्या टेकचंद शिंप्याकडून तात्यांना गरम सूट आणि काकीला ओव्हरकोट शिवून घेतला. (नऊवारीवर ओव्हरकोट घातलेली काकी पाहून आमची म्हैस दावं तोडून पळाली.) तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, मेतकूट, दोन वळकट्या, एक ट्रंक. सत्यनारायण झाला. गाव ताशा वाजवत स्टेशनापर्यंत आलं. हार इतके पडले की तात्यांची फक्त टोपी दिसत होती.

बोट कंपनीच्या कचेरीत पोचलो, तेव्हा बोट सुटायला तीन तास होते. मी वेळेचा पक्का.

"दोन द्या," मी म्हणालो. "सायप्रस. जाऊन-येऊन."

कारकुनाने टाक खाली ठेवला. "बुकिंग कधी केलंत?"

"आत्ता करतोय."

"बोट भरून दोन महिने झाले, साहेब."

"उभ्यानं जाऊ," तात्या म्हणाले.

"पासपोर्ट आहेत?"

तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पलटणीचं डिस्चार्ज बुक काढून टेबलावर ठेवलं. "मागच्या वेळंला कुणी इचारला नव्हता."

"मागच्या वेळी लढाई होती, काका."

"मग आता तर उलट सोपं पायजे!"

कारकून भला माणूस असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं, "शिवाय आमची बोट सायप्रसला थांबत नाही." त्यावर मी जो प्रश्न केला, तो आठवला की आजही कानशिलं तापतात. मी विचारलं, "मग बदलायची कुठे?"

बाहेर येऊन आम्ही ट्रंकेवर बसलो. काकी ओव्हरकोटात घामाने निथळत भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर धरून बसली होती.

"गावात जाऊ या परत," मी म्हणालो.

"ताशा लावून घालवलंय गावानं!" तात्या कडाडले. "सकाळी गेला आन् सांजच्याला आला? मी नाय येत!"

खरं सांगायचं तर माझीही छाती नव्हती. दारावरची ती पाटी! जायला बारा दिवस, यायला बारा, राहायला पंधरा असं मी गावभर सांगून बसलो होतो. म्हणजे या दोघांना सव्वा महिना कुठेतरी ठेवणं आलं, आणि गावाला पत्ता लागणार नाही असा आमच्या ओळखीचा माणूस गावाबाहेर एकच होता. कल्याणला उतरून टांगा केला आणि उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कँपात, बराकीतल्या टेकचंदच्या दारात उभे राहिलो.

"क्या हुआ, भाऊ? सूट तंग है?"

मी माझ्या बी.ए.च्या हिंदीत लांबण लावली. बुकिंग, पासपोर्ट, इज्जत. टेकचंदने मधेच हात वर केला.

"घर वापस नहीं जा सकते?"

"नहीं."

"तो अंदर आओ."

एवढंच. घरी परत जाता येत नाही, ही गोष्ट त्या बराकीत कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांचं घर सिंधमध्ये राहिलं होतं, कुलूप न लावता. आमचं घर सहा-सात मैलांवर होतं आणि तिथे जायला अडचण फक्त माझ्या तोऱ्याची होती. हे मला त्या उंबऱ्यावर कळलं, पण तरी मी आत गेलो. माणूस शिकला म्हणून लगेच सुधारतो असं नाही.

आत पाऊल टाकताच तात्या ओरडले, "अरे, ही तर आमची छावणी!" लढाईला जाण्याआधी त्यांची तुकडी याच बराकींत होती. त्यांची खाट होती तिथे आता टेकचंदचं शिवणयंत्र होतं. तात्या त्याला सॅल्यूट ठोकूनच पुढे सरकले. टेकचंदच्या म्हाताऱ्या आईने आधी पाणी आणि भाजलेले पापड पुढे केले.

इकडे गावात माझी परीक्षा सुरू झाली. "पत्र आलं का?" रोज विचारणा! शेवटी मीच पत्रं लिहून मारुतीच्या पारावर वाचून दाखवू लागलो. ऑलिव्ह, द्राक्षं, कोरडा उन्हाळा... सगळं पाठ्यपुस्तकातलं.

"त्ये समदं ठीक," गणू गुरव म्हणाला. "पर काकी जेवते काय?"

पाठ्यपुस्तकात काकी नव्हती.

आणि तिसऱ्या आठवड्यात हाच गणू कँपात कापड आणायला जाऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दामूशेट, तिथं शिंप्याकडं एक सिंधीण बघितली. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, काजं करत बसलेली. हुबेहूब तुमची काकी!"

कुणी ऐकत नाही ना, हे मी वळून पाहिलं. "मग?"

"मग काय! अर्धा तास थांबलो. ती बाय एक शब्द बोलली नाय. म्हणजे काकी नव्हंच!"

रविवारी मी घाबराघुबरा कँपात गेलो. काकी सलवार-कमीजमध्ये, टेकचंदच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसली होती. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला सिंधी. दोघी सकाळपासून गप्पा मारत होत्या. आल्यापासून तिला चूल पेटवू दिली नव्हती. तिला मी इतकी निवांत कधीच पाहिली नव्हती. तात्या शेजारी गुंड्या निवडत होते.

"आता सांगा," काकी काज करता करता एकदम म्हणाली. "कोण व्हती ती?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी उसासे टाकता ती!"

तात्यांनी गुंड्या बाजूला सारल्या. मग हळूच म्हणाले, "कोण नव्हती गं. मी हिवतापानं पडलो व्हतो. ताप उतरला की खेचरं, खेचरं झाली की ताप. तंबूतनं एक झाड दिसायचं, संत्र्याचं. बागेत जायला मनाई व्हती. बाकी जे सांगतो ते बाजूच्या खाटेवरल्यांनी सांगितलेलं."

"म्हणजे... तिथलं एक संत्रं पण खाल्लं नाय?"

"नाय."

काकीने दोरा दातांनी तोडला. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ती म्हणाली, "आन् मना इतकी वर्सं इथली संत्री गोड लागू दिली नाय!" आणि हसायला लागली. तात्याही हसले. म्हातारीला काही कळलं नाही, तरी तीही हसली. हसलो नाही तो मी. कारण न बघितलेल्या बेटाबद्दल गावाला सांगणारा त्या खोलीत आणखी एक जण होता, आणि त्याला तर तापही आला नव्हता.

मुदत भरली आणि दोघं गावात परतले. काकीला मी सगळा भूगोल घोकून घ्यायला सांगितला होता. तिने त्यातलं एक अक्षर वापरलं नाही.

"कसं हाय गं सायप्रस?" बायका तिच्याभोवती जमल्या.

"मानसं लय चांगली," काकी म्हणाली. "त्यांना आपलं बोलणं कळत नाय, आपल्याला त्यांचं. पर दारात उभं ऱ्हायलं की का आलात म्हणून इचारत नाय. आधी पाणी देतात, आन् संगती भाजलेला पापड."

बेटाचं नाव सोडलं तर ती एका शब्दाने खोटं बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी गावच्या शाळेत हेडमास्तरांनी मला भूमध्य समुद्रावर बोलायला बोलावलं. मी रुबाबात फळ्यावर सायप्रसची पिकं आणि खाणं लिहिलं: ऑलिव्ह, द्राक्षं, संत्री. मागच्या बाकावर गणू गुरव येऊन बसला होता. तो उठला.

"पापड ऱ्हायला."

"तिथे पापड खात नाहीत," मी ठणकावलं.

"काकी जाऊन आल्यात. तुमी गेलावता?"

"मी बी.ए. आहे!"

"त्ये पाटीवर बघितलं. तुमी गेलावता का?"

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू उचलला आणि संत्र्यांच्या खाली, माझ्या सुवाच्य, विद्यापीठमान्य अक्षरात लिहिलं: 'पापड'.

सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.