वेलीला सांगून आणलेली साल

भूत, करणी असं काही निघालं की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... निदान नव्हता.

मी रोह्याजवळ वरशाला राहते. पीएचडीचा विषय – एका रानवेलीच्या सालीतलं संयुग आणि त्याची रचना. पहिली साल मावशीने आणून दिली होती. ती पेणच्या अलीकडे जित्याला असते, रिटायर्ड शिक्षिका. त्या सालीतून संयुग निघालं ते चिमूटभर. एनएमआर तपासणीवरून रेणूच्या सगळ्या कड्या जुळल्या, पण त्यातला एक ओएच गट वर की खाली, तेच ठरेना. त्यासाठी स्फटिक हवा, आणि स्फटिकासाठी आणखी माल.

मग मी स्वतः गेले. मावशीने सांगितलेला तोच डोंगर, तीच वेल. कोयत्याने साल काढली, पिशवी भरली. लॅबमध्ये बघते तर संयुगच नाही! पुन्हा गेले, पुन्हा नाही. साल विरघळवायचे सॉल्व्हंट बदलले, संयुग वेगळं करायचा कॉलम नव्याने भरला... शेवटी गाइड सरांनी दार लावून विचारलं, "पहिलं सॅम्पल नक्की कुठून आलं होतं?" मी फसवतेय असं त्यांना वाटत होतं. मुदतवाढही संपत आलेली. मावशीकडे जाऊन ढसाढसा रडले.

ती म्हणाली, "आदल्या संध्याकाळी बोलावणं केलंस का गो वेलीला?"

"काय?"

"तांदूळ-सुपारी ठेवायची. उद्या नेणार हाय, अमक्यासाठी नेणार हाय, असं सांगायचं. आमची आई करायची म्हणून मी करते. खरं-खोटं मला नाय विचारायचं."

डोकंच सणकलं माझं. तरी गेले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवली. मावशी खाली पायवाटेवर थांबली होती. तोंडातून एवढंच निघालं – "माझ्यासाठी हवीय गं. माझं सगळं संपत चाललंय." सकाळी साल काढली.

संयुग मिळालं! बाटलीच्या तळाशी सुयांसारखे स्फटिक आले. ओएच खाली होता. रचना पूर्ण झाली.

पण परीक्षकांनी दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घ्यायला सांगितलं. त्यांची माणसं येऊन त्याच वेलीची साल घेऊन गेली, आणि त्यांना काहीच मिळालं नाही. काल मेल आलाय – साल गोळा करण्याची पद्धत एकही पायरी न वगळता कळवा, नाहीतर पदवीचं विसरा.

कोयता, महिना, सावलीत वाळवणं, सगळं लिहिलंय. तांदूळ-सुपारीची ओळ लिहिते आणि खोडते. लिहिली तर वेडी ठरेन, नाही लिहिली तर खोटी.  असं का झालं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

मावशी म्हणते, "लिही की! वेलीला सांगताना लाजलीस नाय, यांना काय लाजतेस?"

वेलीने माझ्याकडे पुरावा मागितला नव्हता हो.