पाठीचं वाक्य

माझी मावशी साठी ओलांडून गेली, तरी कामावर अजून अकरा वर्षांचा मुलगाच आहे. परदेशी बालचित्रपट आपल्या भाषेत येतात, त्यांतल्या मुलांना आवाज तिचा असतो. खऱ्या मुलांचा आवाज फुटतो, ती कंटाळतात, त्यांच्या आया मध्ये मध्ये लुडबुडतात. मावशीचं तसलं काही नाही. गुडघे धरलेली, चष्म्याला दोरी लावलेली ही बाई जिना चढून आली की रेकॉर्डिस्ट ओरडतो, "आला का आमचा हिरो?" आणि हिरो धापा टाकत म्हणतो, "आधी पाणी दे मेल्या."

भिंतींना जुने गालिचे ठोकलेली ती खोली, एक पडदा, एक माइक. तिथे उभं राहून तिने देशोदेशीचं शौर्य तोंडपाठ केलं होतं. "बर्फाच्या देशातलं पोर जिंकत नाही गं," ती मला सांगायची. "ते नुसतं टिकतं. घरी येऊन ओले मोजे वाळत घालतं, संपला सिनेमा. बेटावरच्यांचा हिरो म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर मुकाट्याने भांडी घासणारा. आणि त्या मोठ्या देशातलं कार्टं बापाचं न ऐकता घर सोडतं, जग वाचवतं, आणि परत आलं की बापच त्याची माफी मागतो. बाप!" हे शेवटचं सांगताना ती आवाज खाली आणायची, कारण आतल्या खोलीत काका असायचे.

बापाने माफी मागावी, हे वितरकालाही पटायचं नाही. तिकिटं आईबाप काढतात, त्यांना हे कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. पण पडद्यावरचे ओठ काही बदलता येत नाहीत. मग मुलगा पाठमोरा उभा असेल अशी जागा शोधायची आणि तिथे त्याच्या तोंडी घालायचं, "बाबा, मी चुकलो." याला तिथे पाठीचं वाक्य म्हणतात. मावशीचा त्यात हातखंडा. पाठ दिसली की कागदाकडे न बघता तिच्या तोंडून वाक्य निघायचं, आणि थिएटरात बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

एकदाच ती पकडली गेली. तिचा मुलगा लहान असताना आम्ही सगळे तिचा सिनेमा बघायला गेलो होतो. शेवटी सगळीकडे मुसमुस चाललेली, आणि हा खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, तो बोललाच नाही! त्याची मान कुठे हलली?" आजूबाजूचे हसले. काकांनी अंधारातच चिमटा काढून त्याला गप्प केलं.

काकांचं काचा कापायचं दुकान होतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. मुलाने दुकानात बसावं हे त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलेलं. मुलाने जहाजावरची नोकरी धरली. त्या दिवशी काकांनी त्याची बॅग जिन्यावरून खाली फेकली आणि म्हणाले, "चुकलो म्हणशील, तेव्हाच या घरात पाय ठेव." चूक काकांची होती. मी तेव्हा तोंडावर म्हणाले होते, आता ते नाहीत तरी तेच म्हणेन. पण बाप तसा बेटा. बारा वर्षं दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं नाही, आणि मावशी स्वयंपाकघरात नळ सोडून मुलाशी फोनवर बोलत राहिली.

मग काकांच्या छातीने दगा दिला. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. तिने फोन केला तेव्हा मी शेजारीच होते.

"ये रे बाबा. एक वाक्य बोल आणि मोकळा हो. ते त्याच्यासाठीच अडून राहिलेत."

"येतो," तो म्हणाला. "पण काय बोलायचं ते माझं मी ठरवीन, आई."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "येतोय ना? म्हणजे म्हणेल."

तो दुपारी आला. दाढीत पांढरे केस, खांद्याला तीच जुनी बॅग. बूट काढून तो सरळ काकांच्या खाटेजवळ गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी औषधाचा पेला घेऊन दारात, मावशी माझ्या शेजारी.

काकांनी डोळे उघडलेच नाहीत. "कोण?"

"मी."

यंत्र तेवढं सुसकारत होतं. मावशीने श्वास आत ओढला, माइकसमोर ओढते तसा. मला कळायच्या आत अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज खोलीत उमटला, "बाबा, मी चुकलो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण एवढी वर्षं तिला पोसलं होतं ते याच सवयीने.

काकांचा चेहरा सैल पडला. इतका मऊ चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. चाचपडत त्यांनी मुलाचं मनगट धरलं. "आलास ना? झालं तर मग," म्हणाले, आणि झोपले. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

त्या दुपारी त्याने मनगट हळूच सोडवून घेतलं आणि आमच्याकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, माझी मान हलली होती का?"

"अरे, मला वाटलं..."

"मला त्यांना एक विचारायचं होतं. तेवढ्यासाठी आलो होतो."

"काय विचारायचं होतं?"

"आता काय!" तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बूट घालू लागला. त्या रात्री तो लॉजवर राहिला. बापाचं शेवटचं सगळं त्याने नीट केलं, आईला बँकेत घेऊन गेला, गुडघ्याला लावायचं मलम आणून दिलं आणि जहाजावर परत गेला. फोन येतात. ती हवा विचारते, तो गुडघे विचारतो. मध्येच ती म्हणते, "काय विचारणार होतास रे?" आणि त्याला लगेच कुणीतरी हाक मारतं. नवऱ्याला समाधानाने पाठवलं म्हणून बायका मावशीचं कौतुक करतात. ते ऐकताना ती मान खाली घालते, आणि मला तिची दया येते.

मागच्या महिन्यात जिना चढवायला म्हणून मी तिच्याबरोबर गेले. पडद्यावर कुठल्याशा देशातला पोरगा बापासमोर उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. काचेमागून रेकॉर्डिस्टने हात वर केला. मावशी गप्पच.

"ताई, पाठ आली! वाक्य!"

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "थांब जरा," ती म्हणाली, स्वतःच्या म्हाताऱ्या आवाजात. "त्याला काय म्हणायचंय ते बघू."

तुकडा संपला. रेकॉर्डिस्टने कपाळावर हात मारून तो पुन्हा लावला, आणि मावशी पुढे वाकून त्या पोराच्या मानेकडे बघत राहिली.