बांधीत उभी राहून सांगितलेला पासवर्ड

माझी स्वतःची अशी पहिली खोली मला वयाच्या चोविसाव्या वर्षी मिळाली, आणि ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती.

दवनीवाड्याच्या घरात आम्ही पाच जण दोन खोल्यांत वाढलो. अभ्यास चुलीजवळ करायचा, कपडे बदलायचे तर धानाच्या कोठीआड. घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गोंदियात कुडव्याकडे एका छोट्या संस्थेत विश्लेषक म्हणून काम मिळालं, तेव्हा बाबांनी चार वेळा विचारून खात्री करून घेतली.

संस्थेचं काम सिकलसेलच्या तपासण्यांचं. हा आईबापांकडून रक्तातून येणारा आजार, आमच्या भागात पुष्कळ आहे. गावोगावच्या नोंदी एकत्र पाहून कुठे औषध पोचत नाही, कुठे समजावून सांगणारं कोणी नाही, हे आम्ही कळवायचो. नोंदी क्लाउडवर असत. अनेक जिल्ह्यांतले लोक तीच व्यवस्था वापरत, पण प्रत्येक विश्लेषकाला तिथे स्वतःची बंद जागा होती. नावानिशी यादी तिथेच उघडायची, बाहेर नेता यायची नाही, आणि कोणाच्या जागेतून काय शोधलं गेलं हे लिहून राहायचं. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "या जागेत तुमच्याशिवाय कोणी येणार नाही." बाकीच्यांना तो नियम वाटला असेल. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

काम मिळालं ते सरांमुळे. कॉलेजात कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला होता. आता ते आमच्या कार्यालयाचे प्रमुख होते, आणि अर्जही त्यांनीच समोर बसवून भरून घेतला होता. त्यांना यादीतले फक्त एकूण आकडे दिसत. नावं पाहायची परवानगी माझ्या जागेला होती.

धानाच्या रोवणीसाठी दोन दिवस सुट्टी घेऊन मी गावी गेले होते. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलात उभी असताना फोन वाजला.

"बेटा, रिपोर्ट अटकून राहिला. तुझा पासवर्ड सांग ना."

"सर, तो कोणाला सांगायचा नसतो ना?"

"काय झालं? आपल्या सरांवर भरवसा नाही का?"

मला लाज वाटली. ज्या माणसाने मला इथवर आणलं, त्याच्यापुढे मी कसली राखण करत होते? वाऱ्यामुळे ऐकू जात नव्हतं, म्हणून मी एकेक अक्षर ओरडून सांगितलं. शेजारच्या ओळीतली काकी म्हणाली, "कोणता मंत्र म्हणून राहिली वं? रोवणा आपोआप होते का त्यानं?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी कामावर येऊन माझी जागा उघडली. शेवटच्या शोधांमध्ये तीन शोध माझे नव्हते. आधी गाव, नवेगाव बांध. मग मुली, वय वीस ते चोवीस. मग एक आडनाव. खाली एकच ओळ उरली होती: मुलीचं नाव, बापाचं नाव, वस्ती, आणि शेवटी 'वाहक'. कुठल्याही रिपोर्टला अशी एकच ओळ लागत नाही.

आपल्या कंगव्यात दुसऱ्याचे केस निघावेत तसं झालं. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

सर पलीकडे आलूबोंडा खात होते. विचारलं तर लपवलंही नाही. "हां, मीच पाहिलं. पुतण्याला स्थळ आलं होतं. पाहिलं म्हणून वाचलो."

"त्यांनाच विचारायचं होतं ना, सर."

"विचारलं तर कोण सांगते? लोक पत्रिका पाहतात, आम्ही रक्त पाहिलं. काऊन, पाप केलं का?"

"अन् तुमच्या पुतण्याची तपासणी?"

"त्याले काय झालं? धडधाकट पोरगा आहे. क्रिकेट खेळते."

वाहक म्हणजे आजारी नव्हे. जोडीदारही वाहक किंवा आजारी असला तरच मुलाला तो आजार होण्याची भीती असते, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासावं. हे आम्हीच पोस्टरवर छापलं होतं. ते पोस्टर सरांच्या डोक्यामागेच लावलेलं होतं.

"मुलीकडे काय कळवलं?"

"पोरीच्या रक्तात दोष आहे म्हणून वहिनी स्वतः सांगून आल्या. तिथंच, बैठकीत, सगळ्यांसमोर. आपल्याले लपवाछपवी जमत नाही." असं म्हणून त्यांनी बोटावरची चटणी चाटली.

मी बाहेर नळाशी जाऊन कितीतरी वेळ हात धुतले. सरांची किळस आलीच, पण चिखलात उभी राहून हसणाऱ्या माझीही आली. त्या मुलीने शिबिरात हात पुढे केला होता तो औषधपाण्याच्या भरवशावर. तिची गोष्ट माझ्या खोलीत ठेवलेली होती आणि किल्ली मी ओरडून वाटली होती.

मी वरच्या कार्यालयाला लिहायचं ठरवलं. सरांना तसं तोंडावर सांगितलं.

"शोधांच्या नोंदीत नाव तुझं आहे, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "विचार करून लिहजो."

विचार केला. मग पासवर्ड मी स्वतः दिला होता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. शेवटी विनंती केली की त्या मुलीला तिची माहिती कुठून बाहेर गेली हे कोणीतरी भेटून सांगावं, आणि माफी मागावी.

वरच्या कार्यालयाने माझी जागा चौकशी होईपर्यंत बंद केली. आता मी कागदी फॉर्म गावाप्रमाणे लावते. सर त्याच खुर्चीत आहेत, मला अजून बेटा म्हणतात, आणि ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. माझ्या विनंतीवर उत्तर आलं ते एवढंच: नोंद घेतली आहे.

शेवटी एका रविवारी मीच स्कुटी काढून नवेगाव बांधच्या रस्त्याला लागले. तिला सांगायचं होतं की चूक तुझ्या रक्ताची नाही, आमच्या दाराची आहे. अर्ध्या वाटेवर पाणी प्यायला थांबले. घर कसं शोधायचं ते मनात जुळवत होते: बापाचं नाव हे, वस्ती ही. आणि लक्षात आलं, हे मला त्या ओळीतूनच ठाऊक आहे. तिने मला कधी काही सांगितलेलं नाही. मीही तिच्या दाराशी चोरलेली ओळ हातात घेऊनच उभी राहणार होते, आणि वाटेत कोणाला घर विचारलं असतं तर गावाला आणखी एक विषय मिळाला असता.

मी स्कुटी वळवली. तिच्या घराचा पत्ता मला अजून पाठ आहे. विसरायचा खूप प्रयत्न करते, जात नाही.