उन्हात घट्ट झालेलं रेझिन

फळा वाचणाऱ्यांनो, प्रयोगशाळेबाहेरच्या या फळ्यावर हा कागद मीच लावलाय.

टेरिलीन कापडाच्या चिंध्या रसायनात शिजवून केलेलं रेझिन, म्हणजे वाळून प्लास्टिकसारखा कडक होणारा चिकट द्रव, मी काल साच्यात ओतलं. विकतचं तासाभरात घट्ट होतं, माझं संध्याकाळीही बोटाला चिकटत होतं. सर म्हणाले, "कचऱ्याचा कचराच होणार. वहीत लिही, घट्ट होत नाही."

मी लिहिलं नाही. आज सकाळी साचा गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवला. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी झाडलोट करणाऱ्या सखूबाईंनी साच्यातून निघालेल्या वडीवर हातोडा घातला, तरी ती फुटली नाही. "लई कडक झालंया की गं," म्हणाल्या.

मग वहीत लिहिलं: घट्ट होतं, ऊन लागतं. तुम्ही काय लिहिलं असतं?

वडी सरांच्या टेबलावर ठेवली आहे. माझी ओळ खोडायची असेल, तर आधी वडी फोडून दाखवा, सर.