सत्तावीस नंबरचा रस्ता

डोंगरातल्या सोलगोगे गावाच्या तिठ्यावर ओकनामचं दुकान आहे. तीन रस्ते तिथं येऊन मिळतात, पण माणूस कुणी थांबत नाही. ओकनामला मूलबाळ झालं नाही. नवरा दोकबे कोबीचा ट्रक चालवायचा. अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही, आकडे तेवढे ओळखीचे. तिठ्यावर सत्तावीसची पाटी दिसली की वळायचं, म्हणजे घर. घाटात ट्रक उलटला तेव्हाही तो घरीच येत होता.

त्याच्या श्राद्धाला ओकनाम पान वाढते आणि दार सताड उघडं ठेवते. गेलेला माणूस त्या दारानं जेवायला येतो.

यंदा नेमका श्राद्धाच्या सकाळी रस्तेखात्याचा माणूस शिडी घेऊन आला. सत्तावीस उतरवला, चोपन्न चढवला.

"अरे लेका, आजच्या दिवस राहू दे की तो."

"आजी, वरून हुकूम आहे. रस्ता तोच आहे, कुठं पळतोय?"

"रस्ता नाही पळत. येणारा चुकतो."

तो हसला आणि जुनी पाटी गाडीत टाकून निघून गेला.

दुपारी शेजारीण टोफू तळायला आली. माहेरच्या गावावरून तिला सगळे यांगचोनवालीच म्हणत.

"मेलेल्याला कसल्या पाट्या लागतात गं?"

"जिवंतपणी लागत होत्या. मेल्यावर कुणी शिकवलं असेल त्याला?"

"मग काय, पान तिठ्यावर मांडणार? रस्त्यावर जेवतात ती बेवारशी भुतं. तुझा माणूस बेवारशी आहे का?"

ते ओकनामच्या जिव्हारी लागलं. ती मासा परतत राहिली.

दिवेलागणीला तिनं पान घरातच मांडलं. भात, मासा, सोललेले चेस्टनट, दारूचा पेला. दार उघडलं आणि एकटीच तिठ्यावर गेली. दरीतून धुकं वर येत होतं. चोपन्नची पाटी कोरी करकरीत चमकत होती.

हाक कशी मारायची? गावातल्या बायका नवऱ्याला पोराचा बाप म्हणून हाक मारतात. तिला पोर नव्हतं. जन्मभर नुसतं "अहो". पण या धुक्यात "अहो" म्हटलं तर कुणाचाही नवरा वळायचा.

"दोकबे!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "इकडे! हाच रस्ता!"

तिन्हीकडून काहीच आलं नाही. ती घराकडे निघाली. अगदी कडेनं, सावकाश, शेजारी एका माणसाला चालता येईल एवढी जागा सोडून.